घाम अडला म्हणून ताप, की ताप आला म्हणून घाम अडला?

घरात कोणाला ताप आला की दिवसातून चार वेळा कपाळावर हात ठेवून पाहिले जाते. अंग कोरडे आणि चटका बसण्याइतके गरम असेल तर काळजी वाटते. हाताला ओलसर लागले की घरातले वडीलधारे माणूस म्हणते, ‘‘घाम फुटला, आता उतरेल ताप.’’ आणि बहुतेक वेळा तो उतरतोही. या अनुभवातून पुढचा उपायही निघालेला आहे. घाम येत नसेल तर तो आणायचा. सुंठ-गवती चहाचा कढत काढा पाजायचा, अंगावर दोन गोधड्या घालायच्या आणि खिडक्या लावून घ्यायच्या.

हा अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे का? घाम येतो म्हणून ताप उतरतो, की ताप उतरू लागतो म्हणून घाम येतो? आठवी-नववीच्या वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहावा. मुले हिरिरीने दोन्ही बाजू मांडतील. आपल्याकडच्या वैद्यांनीही याच प्रश्नाशी अनेक शतके झटापट केली आहे. त्यांनी काय पाहिले, त्याचा अर्थ कसा लावला आणि त्यांना अडचण कुठे आली, हे पाहिले तर विज्ञान कसे पुढे जाते याचे एक चांगले उदाहरण हाती लागते.

तापाची तीन लक्षणे

आयुर्वेदात ज्वराला सर्व रोगांमध्ये पहिले स्थान दिलेले आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानाचा पहिलाच अध्याय ज्वराचा आहे आणि चिकित्सास्थानातला तिसरा अध्यायही त्याचाच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील एकोणचाळिसावा अध्याय ज्वरावर आहे. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने केवळ रोगनिदानाला वाहिलेला एक ग्रंथ रचला. तो ‘माधवनिदान’ या नावाने प्रसिद्ध आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला.

सुश्रुताने केलेली ज्वराची व्याख्या माधवकरानेही घेतली आहे. तीत तीन लक्षणे सांगितली आहेत : स्वेदावरोध, संताप आणि सर्वांगग्रहण. स्वेदावरोध म्हणजे घाम अडणे. संताप म्हणजे अंग तापणे. (मराठीत या शब्दाचा अर्थ राग असा झाला आहे, मूळ अर्थ उष्णतेचाच.) सर्वांगग्रहण म्हणजे सगळे अंग जखडल्यासारखे होणे, दुखणे. ही तिन्ही लक्षणे एकाच वेळी दिसली तर त्या रोगाला ज्वर म्हणावे.

यातली ‘एकाच वेळी’ ही अट महत्त्वाची आहे. एकेकटे लक्षण इतर रोगांतही असू शकते. कुष्ठाच्या पूर्वलक्षणांत चरकाने घाम न येणे सांगितलेच आहे. (आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो त्यात चट्ट्याच्या जागी घाम येत नाही, हे वैद्यकातही परिचित आहे.) अंग जखडणे वातव्याधीतही आढळते. म्हणून एका लक्षणावर विसंबू नका, तिन्ही मिळून पाहा, असा हा नियम आहे. तापमापक नसलेल्या काळात नुसत्या हाताच्या स्पर्शाने निदान करणाऱ्या वैद्याला असा नियम किती उपयोगी पडला असेल, याची कल्पना करता येते.

तापाची चाहूल देणारी लक्षणेही सुश्रुताने बारकाईने टिपली आहेत. जांभया येतात, अंग मोडून येते, जड वाटते, तोंडाला चव नसते, अंगावर काटा उभा राहतो, थंडी वाजते. गारवा, वारा, ऊन हे घडीत हवेसे वाटतात, घडीत नकोसे होतात. आणि ताप सुटल्याची लक्षणे? घाम येणे, अंग हलके वाटणे, डोक्याला खाज सुटणे, तोंड येणे, शिंक येणे आणि अन्नाची इच्छा होणे. ताप चढताना घाम नाही आणि उतरताना घाम आहे, हा क्रम या वैद्यांनी अचूक पकडला होता.

वाटा बंद झाल्या तर?

निरीक्षण झाले, आता त्याचा अर्थ लावायचा. चरकसंहितेतील स्पष्टीकरण थोडक्यात असे आहे. शरीरात अन्न पचवणारा अग्नी असतो. शरीरात निरनिराळे पदार्थ वाहून नेणाऱ्या वाटा असतात, त्यांना स्रोतस म्हणतात. घामाच्या वाटा म्हणजे स्वेदवह स्रोतसे. त्यांचे मूळ मेदात आणि केसांच्या मुळांशी असलेल्या छिद्रांत आहे. घाम हा मेद या धातूचा मल. बिघडलेले दोष आमाशयात शिरून तिथल्या उष्म्यात मिसळतात, अन्नरसाबरोबर सगळीकडे जातात आणि रसाच्या व घामाच्या वाटा बंद करतात. अग्नी मंद होतो. त्याची उष्णता आपली जागा सोडून बाहेर पडते आणि साऱ्या शरीरात पसरते. हाच ज्वर.

हे चित्र तर्काला धरून आहे. भूक का मरते, तर अग्नी आपल्या जागेवर नाही. कातडी का तापते, तर आतली उष्णता बाहेर पसरली आहे. घाम का येत नाही, तर वाटा बंद आहेत. तीन वेगवेगळ्या गोष्टींचे एकच कारण सांगता येते. कोणत्याही चांगल्या उपपत्तीकडून आपण हीच अपेक्षा करतो.

उपचारही या चित्रातूनच निघतात. नव्या तापात चरक लंघन, स्वेदन, काही दिवस वाट पाहणे, पेज आणि कडू रसाची औषधे सांगतो. नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ घालून उकळलेले पाणी, म्हणजे षडंगपानीय, तहान लागली की देतात. घाम आणण्याच्या उपायांसाठी तर सूत्रस्थानात चौदावा अध्याय स्वतंत्रपणे आहे. विस्तवाच्या मदतीने घाम काढण्याचे तेरा आणि विस्तवाशिवाय घाम काढण्याचे दहा प्रकार तिथे आहेत. या दहांत व्यायाम, गरम खोली, भूक, भीती, राग, ऊन यांच्याबरोबर ‘गुरुप्रावरण’ म्हणजे जाड पांघरूणही आहे. आपली गोधडी ती हीच. मात्र पित्ताचा जोर असलेल्यांना स्वेदन देऊ नये, असा इशाराही त्याच अध्यायात आहे. गोधडीची परंपरा घरोघरी पोचली, इशारा बहुधा ग्रंथातच राहिला.

अपवादाची अडचण

आता खरी गंमत पुढे आहे. ज्वराची व्याख्या करताना घाम अडणे हे लक्षण सांगितले. पण ज्वराचे प्रकार वर्णन करताना सुश्रुत पित्तज्वराच्या लक्षणांत घाम येणे सांगतो! घाम अडल्याशिवाय ज्वर नाही असे म्हटले, तर घामाने भिजलेल्या पित्तज्वराच्या रोग्याला ज्वर आहे की नाही?

ही विसंगती जुन्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटली नाही. माधवनिदानावर विजयरक्षिताने लिहिलेल्या ‘मधुकोश’ या टीकेत या शंकेची चर्चा आहे. टीकाकारांपुढे दोन वाटा होत्या.

पहिली वाट अशी : हे लक्षण ‘बहुतेक वेळा’ दिसणारे मानावे. याला चरकाचा आधार मिळतो. नव्या तापात वाटा अडल्यामुळे आणि अग्नी जागा सोडून गेल्यामुळे माणसाला घाम येत नाही, असे सांगताना चरकाने ‘प्रायशः’ असा शब्द वापरला आहे. प्रायशः म्हणजे बहुतकरून. त्यातही हे विधान ‘तरुण’ म्हणजे नुकत्या आलेल्या तापापुरते आहे.

दुसरी वाट शब्दाच्या व्युत्पत्तीची : ‘स्वेद’ म्हणजे ज्याच्यामुळे घाम येतो तो, म्हणजेच अग्नी. तेव्हा स्वेदावरोध म्हणजे अग्नीचा अवरोध. असा अर्थ घेतला की घाम येवो वा न येवो, व्याख्या सुरक्षित राहते.

या दोन वाटांतला फरक विज्ञानशिक्षकाने नीट पाहावा असा आहे. दुसऱ्या वाटेने व्याख्या वाचते खरी, पण घाम डोळ्यांना दिसतो आणि अग्नीचा अवरोध दिसत नाही. जे तपासता येत होते त्याच्या जागी जे तपासता येत नाही ते येऊन बसते. पहिल्या वाटेत नियमाचा दिमाख थोडा कमी होतो, पण प्रश्न जिवंत राहतो. नव्या तापात घाम बहुतकरून येत नाही, तर मग केव्हा येतो? तापाच्या कोणत्या टप्प्यावर? ‘प्रायशः’ या एका शब्दात पुढच्या संशोधनाला जागा होती.

तापमापक आल्यावर

या प्रश्नाचे उत्तर मिळायला ताप मोजता येणे गरजेचे होते. वैद्यकीय तापमापकाचे प्रयत्न युरोपात सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून झाले. पण रोग्याचे तापमान नियमितपणे घेण्याची पद्धत रुजली ती एकोणिसाव्या शतकात. जर्मनीत लाइपझिग येथे कार्ल वुंडरलिश याने सुमारे २५,००० रोग्यांच्या नोंदी जमवल्या आणि १८६८ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ताप हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांचे लक्षण आहे, ही समजूत त्यानंतर पक्की होत गेली. तापमानाचा आलेख काढता येऊ लागल्यावर घाम आलेखाच्या कोणत्या भागात येतो, हेही दिसू लागले.

हिवतापात हा क्रम सर्वांत स्पष्ट असतो. आधी हुडहुडी भरते. दात वाजतात, अंगावर काटा येतो, पांघरुणावर पांघरूण घेतले तरी थंडी जात नाही, आणि नेमके त्याच वेळी तापमान भराभर चढत असते. मग अंग भाजून निघते, कातडी कोरडी असते. शेवटी घामाच्या धारा लागतात आणि ताप उतरतो. एक दिवस सोडून किंवा दोन दिवस सोडून येणाऱ्या तापांना आयुर्वेदात तृतीयक आणि चतुर्थक अशी नावे होतीच. इटलीत कामिल्लो गोल्जी याने १८८५-८६च्या सुमारास दाखवून दिले की ही थंडी रक्तातील परजीवींच्या एका पिढीने एकदम तांबड्या पेशी फोडून बाहेर पडण्याच्या वेळी भरते. म्हणजे तापाचे घड्याळ परजीवीच्या हातात होते, घामाच्या छिद्रांच्या हातात नव्हते.

पण थंडी का वाजावी? अंग तापलेले असताना गार का वाटावे? १८७०च्या दशकात लीबरमाइस्टर या जर्मन वैद्याने यावर एक कल्पना मांडली. तापलेले शरीर आपल्या तापमानावरचा ताबा सोडत नाही. ते नेहमीपेक्षा वरच्या पातळीवर तापमान राखू पाहते. थंड पाण्याने अंघोळ घातलेला तापाचा रोगी कुडकुडून पुन्हा त्याच चढलेल्या पातळीकडे येतो.

आज याचा तपशील कळला आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात शरीराचे तापमान नियंत्रित होते. नेहमी ही पातळी ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशींमधून काही प्रथिने रक्तात येतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लॅन्डिन ई-२ हे रसायन तयार होते आणि नियंत्रणाची पातळी, समजा, ३९ अंशांवर जाते. आता रक्त ३७ अंशांवर असले तरी मेंदूच्या हिशेबी ते थंडच आहे. मग शरीर थंडीत जे करते तेच करते. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, काटा येतो, स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात आणि घाम बंद होतो. गारवा, वारा घडीत हवा, घडीत नको, ही सुश्रुताने टिपलेली अवस्था इथे ओळखीची वाटते. पुढे संसर्ग आटोक्यात आला की पातळी पुन्हा ३७ वर येते. आता ३९ अंशांचे रक्त जास्तीचे गरम ठरते. रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम फुटतो. ज्या रोगात ही पातळी दिवसभरात वरखाली होत राहते, त्यात घामही मधूनमधून येत राहतो. घाम असलेला ताप आता कोडे उरत नाही.

पॅरासिटामॉल घेतल्यावर तासाभरात घाम का येतो, याचे उत्तरही यातच आहे. अशी औषधे प्रोस्टाग्लॅन्डिनची निर्मिती कमी करतात. (ॲस्पिरिनच्या बाबतीत हे जॉन व्हेन याने १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.) औषध पातळी खाली आणते, मग घाम येतो.

घामच नसेल तर?

वाटा बंद झाल्या म्हणून ताप येतो, ही कल्पना तपासून पाहायची तर ज्यांना घामच येत नाही अशी माणसे शोधायला हवीत. निसर्गाने असा प्रयोग केलेला आहे आणि त्याची एक जुनी नोंद आपल्या उपखंडातली आहे. चार्ल्स डार्विनने पाळीव प्राणी व वनस्पती यांतील बदलांवरच्या आपल्या ग्रंथात सिंधमधील एका हिंदू कुटुंबाचा उल्लेख केला आहे. त्यातील चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दात अगदी थोडे होते, अंगावर केस फारच कमी होते आणि उन्हाळ्यात कातडीच्या कोरडेपणामुळे त्यांना फार त्रास होई. दात, केस आणि घामाच्या ग्रंथी यांची वाढ न होण्याचा हा आनुवंशिक विकार आज चांगला माहीत आहे.

अशा माणसांचे अंग उन्हाळ्यात किंवा धावपळ केल्यावर तापते. सावलीत नेले, अंगावर पाणी ओतले की उतरते. घामाच्या अभावी शरीर तापू शकते, हे यावरून सिद्ध होते. पण त्यांना हुडहुडी भरत नाही, आणि थंड केल्यावर त्यांचे शरीर कुडकुडून पुन्हा वरच्या पातळीकडे जात नाही. म्हणजे अंग तापण्याचे दोन वेगळे प्रकार झाले. एकात पातळीच वर सरकते आणि त्यामुळे घाम थांबतो. दुसऱ्यात पातळी जागेवर असते, पण उष्णता बाहेर टाकता येत नाही. जुन्या वैद्यांचे ‘वाटा बंद’ हे चित्र दुसऱ्या प्रकाराला बरेच लागू पडते. त्यांनी ते पहिल्याला लावले.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. उष्माघात हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. एप्रिल-मे महिन्यांत मैदानावर एखादा मुलगा कोसळला, अंग भाजते आहे, तो असंबद्ध बोलतो आहे, तर हा नेहमीचा ताप समजून पॅरासिटामॉलची गोळी देऊन थांबणे धोक्याचे आहे. इथे पातळी चढलेलीच नाही, मग औषध खाली काय आणणार? उष्माघातात कातडी बहुधा कोरडी असते, पण श्रमाने झालेल्या उष्माघातात घाम असूही शकतो. म्हणजे इथेही ‘प्रायशः’ लक्षात ठेवावे. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि ताबडतोब दवाखान्यात पोचवावे.

पांघरुणाखालचा घाम

आता गोधडीकडे वळू या. सुश्रुताने सूत्रस्थानात घामाचे काम सांगितले आहे ते ओलावा देणे आणि त्वचा मऊ राखणे. वाफ होताना उष्णता शोषली जाते, हा मुद्दा त्यात नाही. तो स्पष्ट व्हायला अठराव्या शतकातील प्रयोगांची मदत झाली. १७७४ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्याचे सहकारी पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षाही गरम केलेल्या खोलीत काही मिनिटे उभे राहिले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी आणि मांस शिजले, माणसांच्या शरीराचे तापमान मात्र फारसे वाढले नाही. तिथे भांड्यात ठेवलेले पाणीही उकळत नव्हते. पृष्ठभागावर तेलाचा थर देऊन बाष्पीभवन थांबवल्यावर ते उकळू लागले.

थोडा हिशेब करू. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता जाते. ६० किलो वजनाच्या माणसाचे तापमान एक अंशाने उतरवायला साधारण ५० किलोकॅलरी बाहेर जावी लागते. म्हणजे ९० मिलिलिटरच्या आसपास घाम पूर्णपणे वाळला तरी पुरे. (शरीरात दर तासाला नव्याने तयार होणारी उष्णता यात धरलेली नाही.) मात्र यात ‘वाळला’ हा शब्द मोलाचा आहे. गोधडीखाली अंथरूण भिजवणारा घाम वाळत नाही, त्यामुळे थंडावाही देत नाही.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन सारख्या बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरा, दोन्हींना ओले फडके गुंडाळा, एकीवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. पंखा असेल तर तोही लावा.

यावरून पांघरुणाचा नियम असा निघतो. थंडी वाजत असेल तोवर पांघरूण द्यायला हरकत नाही. शरीर त्या वेळी ऊबच मागत असते. घाम फुटला की ते काढावे, कोरडे कपडे घालावेत आणि भरपूर पाणी पाजावे. तान्ह्या बाळाला तापात गुंडाळून ठेवणे विशेष धोक्याचे, कारण त्याला पांघरूण दूर सारता येत नाही.

वर्गात हा विषय निघाला की दोन प्रकारची मते ऐकू येतात. आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते, हे एक. आणि जुने ते सगळे थोतांड, हे दुसरे. दोन्ही मते ग्रंथ न उघडता देता येतात. ग्रंथ उघडला की दिसतात ती काळजीपूर्वक पाहणारी माणसे. त्यांनी घाम आणि ताप यांचा क्रम बिनचूक नोंदवला, कारणाची दिशा उलटी लावली आणि अपवाद आढळला तेव्हा तो लपवला नाही. तापमापक आणि तापमानाचे आलेख त्यांच्यापाशी नव्हते. मुलांना आधी सुश्रुताची तीन लक्षणे सांगावीत, मग पित्तज्वराचा अपवाद सांगावा, आणि तुम्ही टीकाकार असता तर दोन वाटांपैकी कोणती निवडली असती, असे विचारावे. त्यांच्या उत्तरांवर एक तास सहज जाईल.